पूर्वेची भिंत

सोलापूर,
१८ नोव्हेंबर १९७६

शिवा,

राख पसरून मी उंबऱ्याशी उभी होते, तेवढ्यात मामंजी पाणी प्यायला आले आणि सरळ राखेतून चालत हंड्यापर्यंत गेले. "हे काय पेरलंय गं काशम्मा?" ईरम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, शिवानं सांगितलंय, त्यांच्या भिलाईच्या कारखान्यात असंच बघतात. मामंजी म्हणाले, "मग तिथं पाणी प्यायला उडत जातात काय?"

सगळं झाडून पुन्हा पसरलं. मग तू लिहिलं होतंस तसा सकाळचा स्वयंपाक पुरा केला आणि शेवटी राखेत कुठे कुठे पाय उमटले ते पाहिलं. चुलीपासून हंड्यापर्यंत इतकी ये-जा आहे की खालची फरशी दिसू लागली. मांडणीकडे पाय आहेत, मोरीकडे आहेत. परसदाराकडे थोडे, सरपण आणायला जावं लागतं तेवढेच. काटवटीशी दोन जागा बसून पुसल्या गेल्या आहेत. एक ईरम्माची, एक माझी. ती भाकरी थापते, मी भाजते. पूर्वेच्या भिंतीकडे मात्र राख पसरली तशीच राहिली. दुकानातल्या कागदाच्या पाठीवर हे सगळं काढून पाठवते आहे. मापं दुकानातल्या मीटरपट्टीनं घेतली. ईरम्मानं एक टोक धरलं होतं.

तू रुद्रप्पाच्या लग्नाला आला नाहीस म्हणून सांगते, ईरम्मा चांगली आहे. विजापूरकडची, मॅट्रिक झालेली. रुद्रप्पापेक्षा दोन बोटं उंचच असेल. रुद्रप्पाला तसं बोललं तर राग येतो.

गॅसचा नंबर लागला तेव्हापासून रुद्रप्पाच्या डोक्यात दुसरं काही नाही. चूल काढायची, कडप्प्याचा ओटा घालायचा, उभ्यानं स्वयंपाक. "वहिनी, तुमचा भाऊ एवढा नकाशे काढणारा, त्याच्याकडनंच काढून घ्या. कारखान्यासारखं होऊ दे. दोघींनी सकाळभर एका जागी अडकून बसायचं म्हणजे काय?" मामंजींना धूर नको झाला आहे. त्यांचा खोकला वाढला.

मला उभ्यानं भाकरी जमेल की नाही, माहीत नाही. जमेल.

काशम्मा

*

भिलाई,
२७ नोव्हेंबर १९७६

ती. अक्काला सा. न.

तुझं राखेचं चित्र मी ऑफिसात नेलं. आमच्या साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे कोणी काढलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. चौथी शिकलेली आहे, असंही सांगितलं. ते सांगायला नको होतं. पण मला अभिमान वाटला.

आमच्याकडे यंत्रं मांडताना पहिल्यांदा माणूस किती वळतो, किती चालतो ते बघतात. ज्या जागेवर पाय पडत नाही ती वाया गेलेली जागा धरतात. तुमच्या घरात ती पूर्वेची भिंत आहे. मोठी जागा आहे ती, माणूस आडवा होईल एवढी. तिथं आता काय आहे? तू काहीच लिहिलं नाहीस. चौकोन रिकामा सोडला आहेस.

दुसरं, भाकरीचं. चूल जमिनीवर आहे म्हणून थापणारी एकीकडे आणि भाजणारी दुसरीकडे, असं तुम्हाला करावं लागतं. शेगडी ओट्यावर आली की थापणारीचाच हात तव्यापर्यंत पोचतो. मग भाजायला दुसरी बाई लागत नाही. अक्का, भावजी गेल्यापासून तू त्या धुरात बसली आहेस. गेल्या खेपेला आलो तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि तू म्हणालीस कांदा चिरत होते. कांदा कुठेही नव्हता. आता पुरे झालं. काम एकीवर आलं की दुसरी मोकळी होते. तू दुपारी माडीवरच्या तुझ्या खोलीत जाऊन निवांत पडत जा. भावजींच्या वेळेला तिथं कसा छान वारा यायचा, मला आठवतं.

ओट्याची उंची स्वयंपाक करणारीच्या कोपरावरून ठरते. अनवाणी उभं राहून, हात दुमडून, कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप पाठव.

शिवलिंगप्पा

*

सोलापूर,
६ डिसेंबर १९७६

शिवा,

कोपराचं माप पाठवते. मीटरपट्टी पुरली नाही, मीटरच्या वर चार बोटं भरली. तुला वाटेल अक्का या वयात वाढली की काय. माप ईरम्माचं आहे. मी भिंतीला टेकून उभी राहिले होते, पट्टी ईरम्माच्या हातात होती. रुद्रप्पा दुकानातून जेवायला आला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला? हिचं घ्या. पुढं हीच उभी राहणार." मग मी बाजूला झाले आणि ती उभी राहिली. ती म्हणाली, "दोघींच्या मधलं घेऊ या की." रुद्रप्पा म्हणाला, "दोघींच्या मधला ओटा म्हणजे दोघींनाही त्रास." त्याचं बरोबर आहे.

पूर्वेच्या भिंतीशी काही नाही. रिकामीच आहे. पण शिवा, ती तशीच राहिली तर चालेल का? काम आटोपल्यावर पाठ टेकायला बरी पडते. चूल विझली तरी तिथं ऊब राहते, थंडीत पहाटेपर्यंत असते. तुझ्या कागदाला फार अडचण होत असेल तर राहू दे. मी आपलं विचारलं.

काल ईरम्माची एक भाकरी थापताना फाटली. "ही मामंजींना नको, ही यांना वाढू," म्हणाली आणि आम्ही दोघी हसत बसलो. समोरासमोर बसलं की बोलणं होतं. तिची आई तिच्या लहानपणीच गेली. मला ती अक्काच म्हणते, तुझ्यासारखं.

तुझ्या बायकोला जपावं. दिवस भरत आले की कळव. तिची आई तिकडे आली आहे हे बरं झालं.

काशम्मा

*

भिलाई,
१६ डिसेंबर १९७६

ती. अक्काला सा. न.

सोबत नकाशा आहे. गवंड्याला दाखवताना उन्हात धरू नका, निळी शाई उडते.

ओटा पश्चिमेच्या खिडकीखाली. उजव्या हाताला मोरी आणि पाणी, डाव्या हाताला रोजचे डबे. सिलिंडर ओट्याखाली. उभं राहणारीला जागेवरून फारसं हलावं लागणार नाही, नुसतं वळलं की वस्तू हाताशी येते. बाणांनी दाखवलं आहे. साहेब म्हणाले, इतकी नेटकी आखणी आमच्या वर्कशॉपमध्येसुद्धा नाही.

पूर्वेच्या भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत विटांचं फडताळ घेतलं आहे, आत कडप्प्याच्या फळ्या. वर्षाची ज्वारी, शेंगा, डाळी, सणावाराची भांडी सगळी त्यात मावतील. तू ती भिंत मोकळी ठेवायला सांगितलंस. मी विचार केला. पाठ टेकायला बाहेरचा सोपा आहे, माडी आहे. स्वयंपाकघरातच पाठ टेकायची सोय ठेवली तर बाई स्वयंपाकघरातून बाहेर कधी येणार? जन्मभर आईनं तेच केलं. तुझं तसं व्हायला नको. आणि चूलच नसेल तर ऊब कुठून येणार?

ओटा तुला उंच पडेल. म्हणून तुझ्यासाठी एक पाट काढला आहे, ओट्याखाली सरकवून ठेवता येईल असा. लहानपणी फळीवरचा गूळ काढायला तू पाटावर पाट ठेवायचीस आणि मी खाली उभा राहून धरायचो. तो पाट आठवून काढला.

शिवलिंगप्पा

*

सोलापूर,
२० जानेवारी १९७७

शिवा,

गड्ड्याच्या जत्रेआधी काम व्हायला हवं होतं, ते झालं. जत्रेचे पाहुणे नव्या स्वयंपाकघरातच जेवले. सगळे येऊन बघून जातात. शेजारच्या बायका ओट्यावर हात फिरवतात. कागदात होतं तसंच झालं आहे, नागप्पा गवंड्यानं एक वीटही इकडची तिकडे केली नाही.

चूल मी माझ्या हातांनी फोडली. माती ओलीच निघाली आतून. पूर्वेची भिंत खरवडताना नागप्पा थांबला. "वैनी, हितं तेलाचा डाग कशाचा वो? चुना मारला तरी वर येतोय." डोकं टेकून टेकून पडला असेल. मी म्हटलं, जुना आहे. तो म्हणाला, "असू द्या. फडताळाच्या मागं जातोय, कुनाला दिसतोय!"

नव्या ओट्यावर पहिल्यांदा दूध उतू घालायचं असतं. पूजा सांगायला आपले ऐनार आले होते. ते म्हणाले, आपल्यात सवाष्ण आणि विधवा असा भेद मानू नये, काशम्मानं घातलं तरी चालतं, तिनंच इतकी वर्षं चूल सांभाळली. रुद्रप्पा खिडकीतून बाहेर बघू लागला. मी पातेलं ईरम्माच्या हातात दिलं. दूध जरा लवकरच उतू गेलं. छान दिसत होतं, काळ्या कडप्प्यावर.

तुझा पाट सुतारानं चांगला केला आहे. सध्या त्यावर पिठाचा डबा ठेवला आहे.

आता एक सांगायचं. मामंजींची बहीण वैरागला एकटीच असते, मायाक्का आत्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तिला कोणीतरी हवं आहे. इथं आता माझ्यावाचून काही अडत नाही. मीच म्हटलं, मी जाते. पुढच्या आठवड्यात जाईन. वैराग काही लांब नाही, एसटी आहे.

काशम्मा

*

भिलाई,
३० जानेवारी १९७७

ती. अक्काला सा. न.

पत्र वाचून फार आनंद झाला. हेच मला हवं होतं. इतक्या वर्षांत तू त्या घराबाहेर कुठे गेली नव्हतीस. आता जाता येतं, कारण काम एकीनं होतं. आत्यांची सोबतही होईल आणि तुला हवापालटही. किती दिवस राहणार? परत आलीस की पाटावरचा डबा काढ आणि त्यावर उभी राहून मला एक भाकरी करून दाखव. मे महिन्यात येतो.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तुझं नाव ठेवावं असं माझ्या मनात आहे.

शिवलिंगप्पा

*

सोलापूर,
८ फेब्रुवारी १९७७

शिवलिंगप्पा अण्णांना ईरम्माचा नमस्कार.

मी तुम्हाला पाहिलेलं नाही. अक्कांच्या तोंडून तुमच्याबद्दल रोज ऐकत होते. तुमचं पत्र अक्का गेल्यावर आलं. पत्ता बदलून पुढं पाठवायचं म्हणून माझ्याकडे दिलं आणि मी ते वाचलं. चूक झाली. पण वाचलं म्हणून हे लिहिते आहे.

तुमचं एक जुनं पत्र अक्का पुन्हा पुन्हा वाचायच्या, त्यात तुम्ही माडीवरच्या खोलीबद्दल लिहिलं होतं, ते मीही पाहिलं. माडीवर आम्ही दोघं असतो. भावजी गेले त्याच महिन्यात अक्का खाली आल्या, असं मला इथं आल्यावर कळलं. त्या स्वयंपाकघरात निजायच्या, पूर्वेच्या भिंतीशी. दिवसा वळकटी मांडणीखाली ठेवायच्या. त्यांचं म्हणून या घरात तेवढंच होतं. राखेत तिथं पाय दिसले नाहीत, कारण दिवसा तिथं कोणी जातच नाही.

फडताळ झाल्यावर त्या सोप्यात निजल्या. तिथं मामंजी असतात, दुकानाचे लोक पहाटेच येतात. त्यांना अवघड व्हायचं. त्या उठून मोरीशी बसून राहायच्या. एकदा जेवताना मामंजी म्हणाले, काशम्माची काहीतरी सोय करायला पाहिजे. यांनी तुमचा नकाशा आणून मामंजींपुढे ठेवला. "यात दुसऱ्या बाईची जागा दाखवा बघू कुठं आहे. मी नाही म्हणत, तिच्या भावानंच काढलंय." अक्का भाकरीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मामंजींना भाकरी वाढली आणि म्हणाल्या, मी वैरागला जाते.

मी काही बोलले नाही. मला बोलता आलं असतं. मी नवीन आहे, असं मनाशी म्हटलं.

जाताना त्यांनी वळकटी घेतली. काटवट मी दिली. ती ओट्यावर नीट बसत नाही.

अण्णा, माझी भाकरी करपते. थापताना तव्याकडे लक्ष राहत नाही, भाजायला वळले की थापलेली वाळते. माझ्याशी बोलायला कोणी समोर नसतं. खिडकीतून शेजारची भिंत दिसते. हे तुमच्या नकाशाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं.

हे पत्र मी लिहिलं असं यांना कळवू नका.

ईरम्मा

*

भिलाई,
२८ फेब्रुवारी १९७७

ती. अक्काला सा. न.

हे पत्र वैरागच्या पत्त्यावर टाकतो आहे. मला सगळं कळलं. कसं ते विचारू नकोस.

तू मला का सांगितलं नाहीस? मी विचारलं होतं, तिथं काय आहे. तू लिहिलंस, काही नाही. एक शब्द लिहिला असतास तर मी ते फडताळ दुसरीकडे नेलं असतं. उत्तरेला जागा होती. मी आता पुन्हा पाहिलं, चांगली जागा होती.

मी रुद्रप्पांना पत्र घातलं. फडताळ पाडून भिंत मोकळी करा, खर्च माझा, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. दोन ओळी आहेत. वहिनी आपल्या मर्जीनं गेल्या, आणि फडताळात ज्वारी भरली आहे.

काल सुट्टी होती. मी आमच्या क्वार्टरचा नकाशा काढायला बसलो. दोन खोल्या आहेत. एकीत बायको, बाळ आणि सासूबाई. दुसरीत मी, आणि तिथंच एका कोपऱ्यात स्वयंपाक. मागं पत्र्याची पडवी आहे, तिथं कोळसा असतो. मी सगळी मापं घेतली. खाट इकडे फिरवून पाहिली, तिकडे फिरवून पाहिली. कागद तीनदा खोडला. अक्का, तुझी जागा मला सापडली नाही. सासूबाई गेल्या की सापडेल. त्या कधी जातील, ते विचारता येत नाही.

तरी तू ये म्हणालो तर येशील का?

शिवलिंगप्पा

*

वैराग,
१० मार्च १९७७

शिवा,

मुलीला माझं नाव ठेवू नका. तिच्या आईला आवडेल ते ठेवा. तिच्या अंगाला तेल लावताना डोक्याला आधी लावावं, मग पोटाला. तुझ्या सासूबाईंना माहीत असेलच.

तू विचारलंस, सांगितलं का नाही. तू लिहिलं होतंस, माडीवरच्या खोलीत निवांत पडत जा, तिथं छान वारा येतो. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, एका माणसाच्या मनात तरी मी अजून माडीवर आहे. तिथून मला तू खाली आणावंस असं वाटलं नाही. एवढंच. फडताळाचा दोष नाही. ते नसतं झालं तरी दुसरं काहीतरी झालं असतं. ओटा तू चांगला काढला होतास. मामंजींचा खोकला कमी झाला, ईरम्मानं कळवलं आहे.

रुद्रप्पाला पुन्हा लिहू नकोस. ईरम्माला त्या घरात राहायचं आहे.

भिलाईला मी येत नाही. कागद खोडत बसू नकोस.

मायाक्का आत्यांचं घर लहान आहे. चूल जमिनीवर आहे. इथं कुठलीही वस्तू हलवायची नाही. मीठ उजवीकडच्या कोनाड्यात, काडेपेटी त्याच्यावर, तांब्या हंड्याच्या झाकणावर पालथा. मी आले त्या दिवशी तांब्या सुलटा करून ठेवला, तर आत्या हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुनी शिवलंय हितं?" मी म्हटलं, मी. "मला इचारल्याबिगर काय बी हलवू नगंस बाई. मी आंधळी न्हाय, तू हलवलंस की आंधळी हुतीया." त्या भिंतीला हात लावून चालतात. जोत्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून परसदारापर्यंत. मला वाटलं, शिवाला दाखवायला हवं. इथं राख पसरायला नको. भिंतीवर त्यांच्या हाताची एक काळी रेघ उठली आहे, घरभर.

सकाळी भाकरी मी थापते, त्या भाजतात. हाताच्या चटक्यावरून त्यांना भाकरी कळते. एकही करपली नाही.

इतके दिवस मी बाहेरच्या जोत्यावर निजत होते. आत कुठंही अंथरलं तर त्यांच्या वाटेत येतं. पण त्यांना तहान लागली तर हाक मला ऐकू येत नाही. म्हणून आज दिवेलागणीला मी चुलीपलीकडच्या भिंतीशी वळकटी टाकली. त्यांना सांगायचं राहून गेलं. त्या हात लावत आल्या आणि अडखळल्या. पडल्या असत्या, मी धरलं.

"काय हाय हितं?"

"माझी वळकटी, आत्या. काढते."

आत्या पायानं चाचपत राहिल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग रुंदीला. चुलीकडे गेल्या आणि शेंगा सोलत बसल्या. त्यांना राग आला की काय ते मला कळलं नाही. हे लिहिते आहे तोवर त्या सोलतच आहेत. उद्या वळकटी पुन्हा जोत्यावर नेईन.

काशम्मा

ता. क. ११ मार्च. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मी लवकर उठले, वळकटी बांधून जोत्यावर ठेवली आणि पाणी आणून दारात उभी होते. आत्या भिंतीला हात लावत आल्या. माझ्या जागेपाशी आल्यावर त्यांनी भिंत सोडली, वळसा घालून पलीकडे गेल्या आणि पुन्हा भिंत धरली. तिथं काही नव्हतं.